डिलॉस : जन्ममृत्यूला बंदी असलेले बेट

ग्रीसमधील मिकोनोस बेटाच्या किनाऱ्यांवर रमलेले काही पर्यटक बोटीने शेजारच्या डिलॉसलाही जातात. ग्रीक पुराणकथेनुसार लेतो या देवीने अपोलो या देवाला याच बेटावर जन्म दिला. इ.स.पू. 426 मध्ये अथेन्सने डिलॉसचे शुद्धीकरण केले. तिथली थडगी उकरून काढली आणि यापुढे बेटावर कोणी जन्मू वा मरू नये, असा हुकूम काढला. बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रिया आणि मरणासन्न माणसे यांना लगतच्या रिनिया बेटावर न्यावे लागे.

देव अमर, म्हणून मरणाचा आणि प्रसूतीचा विटाळ त्यांच्या स्थानाला नको, ही ग्रीक धारणा. सोयरसुतक पाळणाऱ्या समाजाला ती अनोळखी नाही. पण ज्या भूमीला एका मातेच्या प्रसूतीने पावित्र्य आले, तिथेच दुसऱ्या मातेला मज्जाव का? इथे पावित्र्य म्हणजे मर्त्य जीवनापासून तोडलेली जागा ठरते, आणि त्याची किंमत तिथे राहणारी माणसे मोजतात. ही किंमत फार क्रूर होती. इ.स.पू. 422 मध्ये खुद्द डिलॉसवासीयांनाच अशुद्ध ठरवून हाकलण्यात आले. पुढच्या वर्षी अथेन्सने त्यांना परत आणले, तेही डेल्फीच्या देववाणीमुळे, म्हणजे अपोलोच्याच आज्ञेने.