पात्र

"तुम्ही स्वयंसेवक आहात ना? मग पैसे कशाला लागतात?"

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी हे विचारलं, तेव्हा त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं. समोर विशीतली एक मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक, खांद्याला पेटी. विरारमधल्या एका छोट्या संस्थेची ती कार्यकर्ती. ही मंडळी रुग्णसाहित्य देतात: वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, डोक्याकडून उचलता येणारा लोखंडी पलंग, वॉटरबेड. अनामत घ्यायची, गरज संपली की वस्तू परत आणायची आणि अनामत परत करायची. भाडं नाही.

मुलगी जिन्याच्या पायरीवर टेकली आणि सांगू लागली. "काका, पलंग तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार माणसं लागतात. ती आमची, फुकट. पण पलंग टेम्पोतून येतो, आणि टेम्पोवाल्याला डिझेल कोणी फुकट देत नाही. वॉटरबेडला भोक पडतं. व्हीलचेअरची चाकं जातात. सामान ठेवायला गाळा आहे, त्याचं भाडं आहे. एखाद्याला टाटाला न्यायचं तर पहाटेची विरार लोकल, दादरला उतरून टॅक्सी, कारण केमो झालेला माणूस परतताना चालत नाही." तिने हे सगळं पाठ केल्यासारखं नाही, घरचा हिशेब सांगावा तसं सांगितलं.

काका वर गेले, पाचशेची नोट घेऊन खाली आले आणि म्हणाले, "पावतीवर 'टेम्पोसाठी' असं लिही." तिने लिहिलं.

'टेम्पोसाठी' हा शब्द माझ्या मनात बरेच दिवस राहिला. अन्नदानाला पैसे देणारे पुष्कळ असतात. शाळेच्या वर्गावर, मंदिराच्या पायरीवर, बाकड्याच्या पाठीवर नाव घालून देणारेही असतात. गाळ्याच्या भाड्यासाठी कोण देतो? संस्थाही हा खर्च अहवालात चोरट्यासारखा शेवटच्या ओळीत दाखवतात, जणू काही सेवा हवेतून होते आणि भाडं, वीज, डिझेल हे तिला लागलेले डाग आहेत. माझं म्हणणं उलट आहे. वेळ आणि अंगमेहनत कार्यकर्त्यांनी दिली, म्हणजे सर्वांत महाग गोष्ट त्यांनी आधीच दिली. उरलेलं आपण द्यायचं.

पण त्यासाठी ते काम आपल्याला दिसलं पाहिजे.

जुलै २०१८ आठवा. वसई-विरार पाण्यात गेलं होतं. नालासोपारा आणि विरारच्या मधले रूळ दिसेनासे झाले होते, गाड्या बंद, वीज गेलेली, फोन मेलेले. वसईच्या मिठागरात सुमारे चारशे माणसं अडकून पडली होती. त्या दिवसांत कोणालाही आवाहन करावं लागलं नाही. ज्याच्या घरात गॅस होता त्याने खिचडी शिजवली, ज्याच्या टाकीत पाणी होतं त्याने बादल्या भरून दिल्या. पूर दिसत होता. मार्चमधल्या एखाद्या मंगळवारी, नालासोपाऱ्याच्या चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत पक्षाघाताने पडलेली म्हातारी दिसत नाही. तिच्या पाठीला झालेली जखम तर तिलाही दिसत नाही. कोणी तरी जाऊन ते जगाला सांगावं लागतं. संस्थेचं जनजागृतीचं काम म्हणतात ते हेच, आणि पैसे मागण्याचं कामही त्यातूनच सुरू होतं. इथेच पाय घसरतो. माझा घसरला होता.

वर्षभरापूर्वीची गोष्ट. याच संस्थेला मदतीचं आवाहन लिहून हवं होतं, आणि मी आनंदाने हो म्हटलं होतं. अशाच एका आजींच्या घरी आम्ही गेलो. मुलगा रिक्षावर गेलेला, सून घरी. नवीन गादी पलंगावर चढली. मी फोन काढला आणि म्हटलं, "आजी, जरा इकडे बघा." आजींचा उजवा हात चालत होता. तो त्यांनी केसांकडे नेला आणि म्हणाल्या, "थांब बाळा, केस विंचरू दे." सुनेने फणी आणली. पांढरे विरळ केस, तिने ते हळूहळू मागे घेतले, छोटा अंबाडा घातला, पदर नीट केला, टिकली लावली. आजींनी मान वळवली आणि फोटोसाठी बघतात तशा माझ्याकडे बघितलं.

फोटो छान आला. रिक्षातून परतताना तो पाहत मी शेजारच्या कार्यकर्त्या बाईंना म्हटलं, "यात गरज दिसत नाही हो."

शब्द तोंडातून गेले आणि मग मला कळलं की मी काय मागत होतो. मला त्या आजी न विंचरलेल्या हव्या होत्या. त्यांनी दहा मिनिटं खर्चून जी अब्रू अंगावर घेतली होती, ती मला आवाहनासाठी उतरवून हवी होती. कार्यकर्त्या बाई निवृत्त परिचारिका. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हा फोटो मोठा करून आजींना द्या. भिंतीला लावतील. आवाहनाला आपण आपला गाळा दाखवू." आणि तसंच केलं. आवाहनावर छापला तो गाळ्याचा फोटो: भिंतीला टेकवलेले वॉकर, घडी केलेल्या खुर्च्या, गंजाला रंग मारलेला पलंग आणि टेबलावर उघडी पडलेली नोंदवही. पैसे अपेक्षेपेक्षा कमी आले. खोटं कशाला सांगू? दुखणं दाखवलं की खिसा लवकर उघडतो, हे खरं आहे. पण लवकर उघडलेल्या खिशाची किंमत त्या आजींनी का मोजावी?

आपल्याकडे दानाच्या बाबतीत एक शब्द फार जुना आहे: सत्पात्री. दान सत्पात्री असावं म्हणतात. म्हणजे घेणारा लायक असावा. मग आपण घेणाऱ्याचीच तपासणी करत बसतो. खरंच गरीब आहे का? घरात टीव्ही आहे का? मोबाइल कोणता? पात्रता सिद्ध करण्यासाठी त्याने आपलं घर, आपलं दुखणं, आपली पिवळी शिधापत्रिका सगळ्यांपुढे मांडायची. मात्र 'पात्र' या शब्दाचा साधा अर्थ आहे भांडं, आणि त्या अर्थाची फार मोठी साक्ष आपल्या गावाच्या पोटात मिळाली आहे.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला एक टेकाड आहे. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं आणि आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या गाभ्यात दगडी करंडा, त्यात तांब्याचा, मग चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा. इतकी आवरणं उलगडल्यावर सोन्यात काय होतं? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत, असा पंडितजींचा तर्क होता. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जपले आहेत. ते तुकडे बुद्धाच्याच पात्राचे होते की नाही, यावर मी काय बोलणार? पण शूर्पारक, म्हणजे हेच सोपारा, त्या काळी जहाजं ये-जा करणारं श्रीमंत बंदर होतं. चंदनाच्या व्यापारात पैसा मिळवणारा आणि पुढे भिक्षू झालेला पूर्ण याच गावचा, असं बौद्ध कथा सांगतात. त्या बंदरातल्या लोकांनी आपलं सोनं एका मातीच्या भांड्याभोवती गुंडाळलं, ही गोष्ट मला कधीही साधी वाटली नाही.

भिक्षूचा नियम ठाऊक असेल. तो दारात उभा राहतो, पात्र पुढे करतो आणि गप्प राहतो. रडगाणं नाही, दुसऱ्या कोणाची जखम उघडी करून दाखवणं नाही. रितं असतं ते त्याच्या स्वतःच्या हातातलं भांडं, आणि ते सगळ्यांना दिसतं. काल काय मिळालं, आज काय आहे, काही लपवायला जागाच नाही. लोकांसाठी मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने हेच करावं असं मला वाटतं. आपलं पात्र दाखवावं. गाळा दाखवावा, वही दाखवावी, टेम्पोचं बिल दाखवावं. पात्रता मागणाऱ्याची तपासली जावी, अंथरुणावरच्या माणसाची नको.

याच सोपाऱ्यात, स्तूप खणला त्याच वर्षी, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. मजकूर तुटका आहे, पण इतर ठिकाणच्या प्रतींवरून पूर्ण कळतो. पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला निघत, आता राजा धर्मयात्रेला निघतो, असं त्यात आहे. या यात्रेत काय काय करायचं, त्याची यादी आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचं, वृद्धांना भेटून सोनं द्यायचं, आणि जनपदातल्या साध्या माणसांचं दर्शन घ्यायचं. दर्शन! राजाने प्रजेचं. दुसऱ्याची गरज बघायला जाणाऱ्याने कोणत्या नजरेने जावं, ते या एका शब्दात आलं आहे. माझ्या फोनच्या पडद्यात ती नजर नव्हती.

महाराष्ट्राला मागण्याची लाज कधी नव्हती, हेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरले. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. धोंडो केशव कर्वे १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, महिला विद्यापीठाचं काम सांगायला आणि त्यासाठी मदत मिळवायला परदेशात निघाले. ही माणसं स्वतःची झीज दाखवून मागत होती. ज्यांच्यासाठी मागत होती, त्यांचे अश्रू दाखवून नव्हे.

आपल्या वसई तालुक्यातही एक उदाहरण आहे, आणि ते मागण्याच्याही पलीकडे जातं. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये 'विधायक संसद' सुरू केली. सेवा करायला गेलेल्या या तरुणांना दिसलं की ज्यांना मदत द्यायची ते आदिवासी वेठबिगार आहेत, कर्जापोटी मालकाच्या घरी पिढ्यानपिढ्या राबतात. औषधाची गोळी देऊन ती बेडी सुटणार नव्हती. १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. पुढे वीटभट्टीवर येणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. भट्टीजवळच्या झोपडीला भोंगा म्हणतात. दिवाळीनंतर आईबाप घर सोडून भट्टीवर येतात, पोर शाळेबाहेर पडतं, म्हणून शाळाच भट्टीवर न्यायची. अशा कामाने लोकांना जे दिसतं, ते एका पोराचं मळलेलं तोंड नसतं. ते पोर भट्टीवर का आहे, हे दिसतं. दान देताना हा 'का' विचारायला आपण कचरतो, कारण त्याचं उत्तर कधी कधी आपल्याच भिंतीच्या विटांपर्यंत येतं.

आपल्या परिसरात देण्याचे रिवाज किती आहेत! उपवासकाळात चर्चमध्ये गरजूंसाठी वेगळा निधी जमतो. रमजानमध्ये जकात काढतात, वर्षभर राहिलेल्या शिलकीच्या अडीच टक्के, आणि ती उपकार म्हणून नाही तर गरिबाचा हक्क म्हणून. जीवदानीच्या पायऱ्या चढणारा माणूस वरच्या दानपेटीत काही ना काही टाकतोच. तेव्हा देणारे हात कमी नाहीत. विश्वास कमी आहे, आणि तो कमी व्हायला कारणं आहेत. स्टेशनच्या पुलावर लॅमिनेट केलेला आजारी मुलाचा फोटो घेऊन उभा असलेला तरुण कुठल्या संस्थेचा आहे, हे आपण विचारत नाही. दहा रुपये टाकतो नाहीतर मान फिरवतो. दोन्ही प्रकारांत आपण त्याच्याशी बोलत नाही. विचारायला हवं. नोंदणी क्रमांक काय? धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो का? पावती मिळेल? सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० चा आहे. त्याच्या कलम ४१ क खाली वर्गणी गोळा करायची रीतसर परवानगी घ्यावी लागते, हे गणेशोत्सव मंडळाच्या प्रत्येक खजिनदाराला माहीत असतं. खरं काम करणारा या प्रश्नांनी दुखावत नाही. त्या मुलीला काकांनी प्रश्न विचारला, तेव्हा ती पायरीवर बसून बोलली. ज्याला पायरीवर बसायला वेळ नाही, त्याच्या पेटीत काही टाकायची मला घाई नसते.

गेल्या आठवड्यात मी गाळ्यावर गेलो होतो. रविवारची मोजणी चालली होती. पेटी टेबलावर उलटी केलेली, दहाची नाणी दहा-दहाच्या चवडीत रचलेली, चार घड्या घातलेल्या विसाच्या नोटा एकेक करून सरळ होत होत्या. एका नोटेला मोगऱ्याचा वास होता. पहाटेच्या गाडीने दादरला फुलं नेणाऱ्या कोणा बाईची असावी.

तेवढ्यात एक माणूस वॉकर घेऊन आला. मी त्याला ओळखलं नाही, त्याने मला ओळखलं. त्या आजींचा मुलगा. गादीनंतर काही महिन्यांनी आजी थोड्या उठू लागल्या होत्या, तेव्हा वॉकर नेला होता. खोलीपासून मोरीपर्यंत चालायच्या, म्हणाला. आता गेल्या, बारा दिवस झाले. परिचारिका बाईंनी नोंदवहीत तारीख घातली, अनामतीचे पैसे मोजून पुढे केले. त्याने ते पेटीशेजारी ठेवले आणि पावती नको म्हणाला. बाईंनी तरीही पावती फाडली, नाव विचारलं. त्याने आईचं नाव सांगितलं.

तो गेल्यावर मी वॉकर उचलून भिंतीला लावायला गेलो. धुऊन पुसून स्वच्छ केला होता. खाली पाहिलं तर चारही पायांना नवीन रबरी बूच होते. जुने झिजून गेले असणार, फरशीवर घसरू नये म्हणून त्याने पुढच्या माणसासाठी बसवून आणले होते. काळेभोर, दुकानातल्या रबराचा वास अजून त्यांना येत होता.