सही मिळणार नाही

बसा. चहा नंतर. आधी सांगा, हा अर्ज कोणी लिहिला? विषय काय, तर 'पिंपळे सौदागरमधील दहशतवादी हल्ला'. खाली मागणी, आरोपींना यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा लावा. एक सोसायटीचा अध्यक्ष, एक सेक्रेटरी, दोघंही माझ्याकडे नागरिकशास्त्र शिकलेले. हिंजवडीत बसून परदेशातल्या बँकांचे व्यवहार सांभाळता आणि साधं कलम वाचून पाहावंसं वाटलं नाही?

काय घडलं ते मला ठाऊक आहे. रात्री तिघं दुचाकीवरून आले, कोयते नाचवले, रस्त्याकडेच्या गाड्यांच्या काचा फोडल्या, 'आपणच इथले भाई' म्हणून ओरडले आणि पळाले. लोक घाबरले, हे कबूल. पण लोक घाबरले की दहशतवाद झाला, हे तुम्हांला कोणी शिकवलं? मी तर नाही.

तुमच्या आईवडिलांना विचारा 1976-77 चं पुणे कसं होतं. जक्कल आणि त्याच्या साथीदारांनी दहा खून केले. अंधार पडला की लोक दाराला कडी लावून बसायचे, ओळखीच्या हाकेलाही ओ देत नसत. या कोयतेवाल्यांना सात जन्मांत जमणार नाही एवढी भीती. तरी 1983 च्या नोव्हेंबरात चौघं येरवड्यात फासावर गेले ते खुनी म्हणून. तेव्हा दहशतवादाचा कायदा नव्हता, असं म्हणशील. नव्हता. पण असता तरी ते त्यात बसले नसते. त्यांना ऐवज हवा होता आणि मागे साक्षीदार नको होता. शहराचा थरकाप उडाला तो त्यांच्या कृत्याचा परिणाम. हेतू तो नव्हता.

आता 13 फेब्रुवारी 2010. कोरेगाव पार्कची जर्मन बेकरी. बॅगेत बॉम्ब ठेवला गेला, 17 माणसं गेली. त्यांतल्या एकाशीही ठेवणाऱ्याचं वैर नव्हतं. मरणारे हे, आणि धडा शिकवायचा होता तो देशाला.

मान हलवू नकोस, पुढचं ऐक. ज्याची काच फुटली त्याच्याशीही या पोरांचं भांडण नव्हतंच, मग फरक काय राहिला? हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता. फरक मागणीत आहे. यांना गल्ली हवी, टपरीवाल्याचा हप्ता हवा, पलीकडच्या टोळीने वचकून राहावं असं हवं. सरकारने धोरण बदलावं किंवा देशाची शकलं व्हावीत, यातलं काहीही त्यांच्या डोक्यात नाही. डोक्यात तेवढी जागाही नाही.

हे माझं मत समजू नका. नालासोपाऱ्याच्या एका खुनाच्या प्रकरणात टाडा, म्हणजे तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा, लावला होता. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की गुन्ह्यामुळे लोकांत घबराट पसरली एवढ्यावर टाडा लागत नाही, घबराट पसरवणं हाच उद्देश असावा लागतो. प्रत्येक गुन्हेगाराला दहशतवादी म्हणता येणार नाही, हेही तेव्हाच सांगितलं. संजय दत्तचं नाव तरी ऐकलंय ना? 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात टाडातून तो सुटला. येरवड्यात शिक्षा भोगली ती बेकायदा शस्त्र बाळगल्याची.

आणि मला त्या पोरांचा पुळका आलाय असं समजू नका. यूएपीएत जामीन मिळणं महाकठीण, आरोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत मिळते, म्हणून तुम्हांला तो गोड वाटतो. पण हेतू सिद्ध झाला नाही की ते कलम कोर्टात गळून पडतं. मग हीच पोरं हार घालून, डीजे लावून तुमच्याच गेटसमोरून मिरवतील, आणि बॅनरवर फोटो असेल तो वेगळाच.

भारतीय न्याय संहितेत 113 वं कलम दहशतवादी कृत्याचं आहे. त्याच्या अलीकडचं 111 संघटित गुन्हेगारीचं, 112 किरकोळ संघटित गुन्ह्यांचं. शेजारी शेजारी असून वेगळी ठेवली आहेत, ती उगाच नाहीत. शिवाय संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का आहे, तडीपारी आहे, स्थानबद्धतेसाठी एमपीडीए आहे. पैकी मोक्का हवा असेल तर टोळीवर मागच्या 10 वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं दाखल झालेली लागतात. त्याची चौकशी केलीत? हप्ता कोणाकोणाकडे मागितला, ते विचारलंत? नाही. विशेषणं मात्र अकरा घातलीत, मी मोजली.

हा कागद फाडा. नव्या अर्जात वेळ, गाड्यांचे क्रमांक, नुकसान, कोयते किती आणि ओरडले ते शब्द जसेच्या तसे लिहा. कॅमेऱ्याचं फुटेज आजच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, ते आपोआप पुसलं जातं. आणि टपरीवाल्याला सोबत आणा. तो बोलायला तयार झाला तर सही माझी पहिली.