कारणाची स्मृति

पुण्याहून नाशिककडे जातांना चाकणच्या अलीकडे कुरुळी हें गांव लागतें. तेथील एका कारखान्यांत संगणकांची देखरेख करणारा आमचा एक जुना विद्यार्थी परवां भेटावयास आला होता. त्यानें २०२४ सालची एक हकीकत सांगितली, आणि ती ऐकून आम्हांस आमच्याच एका जुन्या अपराधाची आठवण झाली.

दूरच्या संगणकाशीं सुरक्षितपणें जोडलें जाण्यासाठीं ‘ओपनएसएसएच’ नांवाचें सॉफ्टवेअर जगभर वापरतात. घरीं बसून कारखान्यांतील सर्व्हर दुरुस्त करावयाचा, तो ह्याच दारानें. दारावर आलेल्यास ओळख पटविण्यासाठीं सामान्यतः १२० सेकंद मिळतात. मुदत संपली कीं आंत घंटा वाजते, आणि सर्व्हर हातांतलें काम तसेंच टाकून ह्या घटनेची नोंद करूं लागतो. चाकणच्या बाजारांतील एखादा दिवाणजी कांद्याच्या गोणींचा हिशेब अर्धा लिहून झाला असतां घंटा ऐकून त्याच पानावर दुसरी नोंद लिहूं लागला, तर वही बिघडेल. तशीच येथें संगणकाची स्मृति बिघडूं शकते. मग बिघडल्या वहींत आपल्या सोयीची ओळ घुसडणारा चोर घराचा धनी होऊन बसतो. जुन्या ३२-बिटी यंत्रांवर हें साधण्यास सरासरी सहा ते आठ तास पुरत.

हा दोष नवा नव्हता. तो २००६ सालींच उघडकीस येऊन त्याचा बंदोबस्त झाला होता. परंतु ऑक्टोबर २०२० मध्यें नोंदींच्या व्यवस्थेची फेरमांडणी होतांना बंदोबस्ताचा तो निर्देश चुकून गळला. पुण्यांत मोठें कार्यालय असलेल्या क्वालिस ह्या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनीं तो दोष पुन्हां हुडकला, आणि १ जुलै २०२४ रोजीं दुरुस्ती प्रसिद्ध झाली. त्यांच्या अंदाजानें १ कोटि ४० लाखांहून अधिक सर्व्हर धोक्यांत असण्याचा संभव होता.

“सर, हयगय ती हयगयच. ज्यानें ओळ गाळली त्याचा दोष,” असें आमचा विद्यार्थी म्हणाला. आम्हांस इतकें निःशंकपणें बोलतां येईना.

कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची व्यवस्था आमच्याकडे होती. ‘पावसाळ्यांत सर्वांत खालच्या फळीवर ग्रंथ ठेवूं नयेत’ असा एक जुना नियम तेथें होता. तो करणारे ग्रंथपाल केव्हांच निवृत्त झाले होते. कारण कोठेंही लिहिलेलें नव्हतें. जागेची तर टंचाई. आम्हीं तो नियम लाल शाईनें खोडला. पुढल्याच पावसाळ्यांत एका रात्रीं मागील गटाराचें पाणी आंत शिरलें आणि शंभरेक ग्रंथांचा लगदा झाला. आम्ही आळस करीत नव्हतों, टापटीप करीत होतों. आणि टापटिपीच्या भरांत कारण विचारावयाचें राहून गेलें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक जुन्या गोष्टीपुढें असें थबकावयाचें, तर कुजकी रूढीहि कधीं जाणार नाहीं. आक्षेप रास्त आहे. पण कारण शोधून, तें पोकळ ठरवून नियम मोडणें निराळें, आणि कारण विसरून तो मोडणें निराळें. पहिली सुधारणा होय; दुसरा केवळ अपघात, जरी दोहोंत खोडण्याची रेघ सारखीच दिसली तरी.

आमच्या ग्रंथालयांत कारण लिहिलेलेंच नव्हतें, म्हणून दोषाचा वांटा जुन्या ग्रंथपालांकडेहि जातो. ओपनएसएसएचच्या बाबतींत तर कारण चौदा वर्षें जगजाहीर होतें, तरी ओळ गळली. ह्यावरून दिसतें कीं दप्तर म्हणजे स्मृति नव्हे. हात खोडावयास उचलला जातो त्या क्षणीं जें डोळ्यांपुढें उभें राहतें, तीच खरी स्मृति. तेव्हां रक्षणाची ओळ लिहिणारानें तिचें कारण तिच्याच शेजारीं लिहावें, आणि खोडणारानें तें वाचल्यावांचून हात उचलूं नये. ह्या दोन कर्तव्यांपैकीं एक जरी पाळलें जातें, तरी आमचे ग्रंथ वांचते.

पुढें आम्हीं तो नियम पुन्हां लिहिला. त्याखालीं त्या रात्रीची तारीख आहे, आणि नियम कोणीं खोडला होता त्याचें नांवहि आहे.