परक्याच्या जखमा पाहावयास जावें काय?

सणाच्या सुटींत दूरच्या प्रवासास निघण्याची चाल अलीकडे पुष्कळ वाढली आहे. ज्यांना ऐपत आहे ते नाताळांत किंवा पुनरुत्थानाच्या सणांत परदेशीं जातात, बरोबर माहितगार वाटाड्या घेतात, आणि त्या देशाचे राजवाडे, नाच, हस्तकला व चालीरीती पाहून परत येतात. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु ज्या देशांत एका पिढीपूर्वीं युद्ध होऊन गेलें, जेथें त्या युद्धांतील विधवा व अनाथ अद्याप हयात आहेत, तेथें असा प्रवास केला म्हणजे राजवाड्यांबरोबर थडगींही पाहण्यांत येतात. मग प्रश्न उभा राहतो: दुसऱ्याचें दुःख पैसे देऊन पाहणें हें ख्रिस्ती मनुष्यास शोभतें काय? आणि तेंही आनंदाच्या सणांत? या प्रश्नाचा विचार आपण एका देशाचें उदाहरण घेऊन करूं.

आफ्रिका खंडाच्या मध्यभागीं रवांडा नांवाचा देश आहे. आपले पुणें व सातारा हे दोन जिल्हे मिळून जेवढी भूमि होते, जवळजवळ तेवढाच तो आहे. त्याला हजार टेकड्यांचा देश म्हणतात. लोक बहुतेक शेतकरी. सर्वांची भाषा एकच. आणि दहांपैकीं सुमारें नऊ जण आपणांस ख्रिस्ती म्हणवितात. वाटाड्या पाहुण्यास प्रथम राजधानी किगाली दाखवितो. मग उत्तरेकडील ज्वालामुखी पर्वतांच्या रानांत गोरिला वानर पाहावयास नेतो. त्या एका तासाच्या दर्शनाचा परवाना २०१७ सालीं परदेशी पाहुण्यासाठीं १५०० डॉलर ठरविण्यांत आला. दक्षिणेस न्यांझा येथें जुन्या राजाचें गवती छपराचें गोल घर पुन्हा उभारून ठेविलें आहे, आणि तेथें लांब शिंगांच्या गाई पाळल्या आहेत. इंतोरे नांवाचे नर्तक डोक्यावर गवताची आयाळ बांधून नाचतात. आणि याच यादींत गिसोझी येथील स्मारक असतें. तें २००४ सालीं उघडण्यांत आलें. त्याच्या आवारांत अडीच लाखांहून अधिक माणसांचे अवशेष पुरलेले आहेत.

हीं माणसें कोण? रवांडांत हुतू, तुत्सी व त्वा असे तीन समाज एकाच टेकडीवर शेजारीं राहत होते. बेल्जियमच्या अमलांत, १९३०च्या दशकांत, प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा समाज लिहिण्यांत आला. आणि जो भेद पूर्वीं पुष्कळ अंशीं लवचिक होता तो कागदावर कायमचा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकर्त्यांनीं तो कागद तसाच ठेविला. १९९० च्या आक्टोबरांत यादवी युद्ध सुरू झालें. ६ एप्रिल १९९४ रोजीं राष्ट्राध्यक्षांचें विमान पाडण्यांत आलें, आणि दुसऱ्या दिवसापासून सुमारें शंभर दिवस तुत्सी लोकांचा, व त्यांना मारण्यास न धजणाऱ्या हुतूंचाही, संहार चालला. आठ लाखांपासून दहा लाखांपर्यंत माणसें मारलीं गेलीं. पुष्कळ ठिकाणीं हत्यार म्हणजे शेतावरचा कोयता होता, आणि मारणारा शेजारी होता.

त्या वर्षीं पुनरुत्थानाचा सण ३ एप्रिल रोजीं होता. म्हणजे मारणारे व मारले गेलेले यांच्यापैकीं असंख्य जण चार दिवसांपूर्वीं एकाच देवळांत, कित्येक तर एकाच बांकावर बसून, प्रभु उठला आहे असें गात होते.

किगालीच्या दक्षिणेस सुमारें ३० किलोमीटरांवर न्यामाता गांव आहे. तेथील देवळांत जिवाच्या भीतीनें हजारों माणसें शिरलीं. देवळांत कोणी हात उचलणार नाहीं असा त्यांचा भरंवसा होता. तेथें सुमारें १०,००० माणसें मारलीं गेलीं असें सांगतात. आज तें देऊळ उपासनेसाठीं नाहीं, स्मरणासाठीं आहे. छपराला भोंकें आहेत. मेलेल्यांचे कपडे जतन केलेले आहेत. वेदीवरच्या वस्त्रावर डाग आहेत. तळघरांत कवट्या व हाडें रचलेलीं आहेत. आंत छायाचित्र घेण्याची मनाई आहे. २०२३ सालीं युनेस्कोनें न्यामाता, गिसोझी, मुरांबी व बिसेसेरो या चार स्थळांना जागतिक वारशांत घेतलें.

आतां आक्षेप ऐकूं. एक जण म्हणेल, सकाळीं गोरिला, दुपारीं कवट्या व रात्रीं मेजवानी, असा हा दिवस. यांत मृतांचा मान कोठें राहिला? हा आक्षेप हलका नाहीं. संदेष्टा ओबद्या यानें अदोमी लोकांना जो दोष लाविला त्यांत हाही होता कीं भावाच्या विपत्तीच्या दिवशीं ते नुसते पाहत राहिले. दुसरा म्हणेल, हा सण जीवनाचा. मग मेलेल्यांत कशाला जावें? या दोघांनाही उत्तर शास्त्रांतूनच शोधलें पाहिजे.

दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे. पहिला पुनरुत्थानदिन थडग्याच्या वाटेवरच उगवला. ज्या स्त्रिया पहांटे थडग्याकडे निघाल्या त्यांनाच प्रथम वार्ता कळली. आणि योहान सांगतो कीं उठलेल्या प्रभूच्या देहावर खिळ्यांचे वण तसेच होते. जो आनंद वण झांकून मिळतो तो ख्रिस्ती सणाचा आनंद नव्हे. २०२३ सालीं ७ एप्रिलला उत्तम शुक्रवार आला. रवांडांत त्याच दिवशीं राष्ट्राच्या शोकसप्ताहास आरंभ होतो. त्या सप्ताहांत तेथें ध्वज अर्ध्यावर उतरवितात व करमणुकीचे कार्यक्रम बंद ठेवितात. म्हणजे त्या वर्षीं तेथील मंडळ्यांनीं पुनरुत्थानाचीं गीतें शोकाच्या आठवड्यांतच गाइलीं. अशा वेळीं आलेल्या पाहुण्यास नाच पाहावयास मिळाला नाहीं, तर त्यानें मोबदल्यासाठीं कुरकुर करावी काय? ज्यानें कुरकुर केली त्याला त्या देशाची हस्तकला दिसली असेल, माणसें दिसलीं नाहींत.

पहिला आक्षेप अधिक खोल आहे, आणि त्याचें उत्तर थोमाच्या गोष्टींत आहे असें मला वाटतें. थोमाला जखमा पाहावयाच्या होत्या. पण त्यानें प्रभूचा हात बळेंच ओढून पाहिला नाहीं. प्रभूनें तो स्वतः पुढें केला. ज्याची जखम, दाखविण्याचा अधिकार त्याचा. रवांडांतील जगलेल्या पुष्कळ लोकांनीं हीं स्थळें मुद्दाम राखलीं, कारण असें कांहीं घडलेंच नाहीं असें म्हणणारे पुढें निघाले. तेथें वाट दाखविणारे कित्येक जण स्वतःच त्या संहारांतून वांचलेले आहेत. त्यांनीं हात पुढें केला असतां पाहणें हें पाप नव्हे. तथापि सर्वांचें मन एक नाहीं. आपल्या आप्तांचीं हाडें कांचेमागें ठेवूं नयेत, मातीला द्यावींत, असें म्हणणारेही त्यांच्यांत आहेत. म्हणून पाहुण्यानें जेवढें दाखविलें तेवढेंच पाहावें, आणि मनाई आहे तेथें थांबावें.

येथें आणखी एक मोह आहे, आणि तो धार्मिक माणसांना विशेष होतो. युद्धानंतर गुन्हेगार इतके होते कीं साध्या न्यायालयांनीं त्यांचा निवाडा शतकांतही झाला नसता. म्हणून गाचाचा नांवाच्या गांवपंचायती बसविण्यांत आल्या. अशा सुमारें १२,००० पंचायती २०१२ सालापर्यंत चालल्या व त्यांनीं एकोणीस लाखांवर खटले ऐकले. आज कांहीं गांवांत मारणारा व मारलेल्याची विधवा शेजारीं राहतात, आणि पाहुणे आले म्हणजे दोघेही आपली हकीगत सांगतात. कित्येक ठिकाणीं दोन्हीं बाजूंच्या स्त्रिया एकत्र बसून टोपल्या विणतात, आणि पाहुणे त्या विकत घेतात. हें पाहून कोणाचें हृदय हेलावणार नाहीं? परंतु पाहुण्यानें आपल्या सणाचा शेवट गोड व्हावा म्हणून त्या विधवेच्या तोंडून क्षमेचा शब्द मागूं नये. क्षमा हें तिचें दान आहे, आणि तें देण्याघेण्याचा व्यवहार तिच्यांत, देवांत व त्या अपराध्यांत आहे. जिनें अद्याप क्षमा केली नाहीं तिला पाहुण्याच्या टाळ्यांसाठीं ती करावी लागूं नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें भुईवर बसले, तोंवर त्यांनीं चांगलें केलें. तोंड उघडून धर्म सांगूं लागले तेव्हां चुकले.

मग पाहून करावयाचें काय? यरीहोच्या वाटेवर पडलेल्या मनुष्याला याजकानें पाहिलें, लेव्यानें पाहिलें व शोमरोन्यानेंही पाहिलें. तिघेही प्रवासीच होते. भेद पाहण्यांत नव्हता, पाहिल्यानंतरच्या पावलांत होता. परदेशी पाहुण्यास रवांडाच्या जखमा बांधतां येत नाहींत. तें काम तेथील लोक करीत आहेत. त्याचें पाऊल घरच्या वाटेवर पडावयाचें आहे. आणि त्या वाटेवर पहिला धोका परूश्याच्या प्रार्थनेचा आहे: देवा, आम्ही या लोकांसारखे नाहीं.

आपण खरोखर त्यांच्यासारखे नाहीं काय? मारणारे मूर्तिपूजक नव्हते. त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. न्यांगे येथें एका रोमन धर्मगुरूच्या देवळांत किमान दीड हजार माणसें कोंडून तें देऊळ यंत्रानें पाडण्यांत आलें. त्या धर्मगुरूस २००८ सालीं जन्मठेप झाली. हें वाचून आपणां प्रॉटेस्टंटांस हायसें वाटावयास नको. मुगोनेरो येथील एलिझाफान न्ताकिरुतिमाना हा अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळ्यांचा वृद्ध पाळक होता. त्यालाही २००३ सालीं अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें वंशसंहारांत साह्य केल्याबद्दल १० वर्षांची शिक्षा दिली. उपदेश ऐकण्यांत, उपासनेस जाण्यांत किंवा पाळकाचा झगा घालण्यांत माणसाचें रक्षण नाहीं, हें यावरून कळावें. कोयता उचलण्याआधीं कित्येक वर्षें तेथें शब्द उचलले गेले होते. शेजाऱ्याला झुरळ म्हणत. आकाशवाणीवरूनही तेंच म्हणत. झुरळ मारतांना कोणाचा हात थांबतो?

पण त्याच न्यांगे गांवची दुसरी गोष्टही वाटाड्या सांगतो. १८ मार्च १९९७ च्या रात्रीं तेथील माध्यमिक शाळेंत हत्यारबंद लोक शिरले. हुतू एकीकडे व तुत्सी दुसरीकडे व्हा, अशी त्यांनीं विद्यार्थ्यांना आज्ञा केली. मुलांनीं वेगळें होण्यास नकार दिला. आम्ही सर्व रवांडाचेच, असें म्हटलें. सहा मुलें मारलीं गेलीं, कित्येक जखमी झालीं. पुढें त्या देशानें त्यांना राष्ट्रवीर म्हणून गौरविलें. त्यांच्या टेकडीवर तीन वर्षांपूर्वीं मोठ्या माणसांनीं काय केलें हें त्या मुलांना ठाऊक होतें.

आपल्या मंडळ्यांतील थोडेच जण रवांडास जातील. परंतु परक्याची जखम पाहण्याचा प्रसंग घरबसल्या रोज येतो. रस्त्यावर गाडी उलटली कीं भोंवतीं गर्दी जमते, आणि पाणी देणाऱ्या हातांपेक्षां फोन उगारलेले हात अधिक दिसतात. मेलेल्याचें चित्र क्षणांत गांवभर फिरतें. त्याच्या आईनें तें दाखविलें होतें काय? ज्या घरीं मूठभर माती पडली तेथें आपण समाचारास जातों. तेथें बसतों कीं बोलतों? आणि परत आल्यावर आपल्या तोंडीं दुसऱ्या वस्तीच्या लोकांविषयीं पूर्वीचेंच टोपणनांव येतें काय? प्रभुभोजनास बसतांना कोणी कोणाच्या शेजारीं बसणें टाळतो काय?

शिक्षकांनीं व उपदेशकांनीं येत्या पुनरुत्थानाच्या सणांत न्यांगेच्या त्या मुलांची गोष्ट आपल्या वर्गांत अवश्य सांगावी. सांगून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा: आपल्या शाळेंत कोणी आज्ञा केली असती, तर आपण कोणाकोणाला वेगळें उभें केलें असतें? उत्तराची घाई करूं नये. मुलें गप्प राहिलीं तर शिक्षकानेंही त्यांच्याबरोबर गप्प बसावें. आणि तोच प्रश्न त्या रात्रीं घरीं नेऊन स्वतःस विचारावा.