थांबा म्हटल्यावर

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. खालापूर तालुक्यातल्या, इर्शाळगडाच्या कुशीतल्या या ठाकरवाडीला रस्ताच नव्हता, त्यामुळे जेसीबी वर नेता येईना. एनडीआरएफचे जवान, आसपासचे गिर्यारोहक आणि स्वयंसेवक भर पावसात निसरडा डोंगर चढून गेले आणि फावड्या-घमेल्यांनी माती उपसत राहिले. अग्निशमन दलाचे एक अधिकारी तो चढ चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. २३ जुलैला शोध थांबवला. २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ माणसं सापडलीच नाहीत.

माती उपसणारे घरी परतले. त्यांच्या घरांत पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. लष्करात धर्मगुरू नेमलेले असतात. परदेशांत अनेक अग्निशमन दलांना आणि पोलिसांना चॅप्लिन असतो; तो जवानांचं ऐकून घेतो आणि त्यांच्या घरच्यांचंही. आपल्याकडचा स्वयंसेवक गावातल्याच एखाद्या वडीलधाऱ्यापाशी जाऊन बसतो. पुढचा संवाद मी रचलेला आहे : एक वारकरी बुवा आणि अशाच एका स्वयंसेवकाची बायको. पेच मात्र रचलेला नाही.

ती : बुवा, हे तुमच्याकडे तासन्‌तास बसतात. घरी आले की तोंडाला कुलूप. काय सांगतात तुम्हाला?

बुवा : ते मी सांगणार नाही, ताई.

ती : मी बायको आहे त्यांची.

बुवा : असाल. पण घरी बोलता येईना म्हणून तो माझ्याकडे आला. ते मी तुमच्या कानावर घातलं, तर उद्या त्याला जायला जागा उरणार नाही.

ती : आणि मला कुठली जागा आहे? राब तयार होता, पण लावणीला हे शेतात उतरलेच नाहीत. बांधावर नुसते उभे. चिखलात पाय घालवेना. शेवटी मजूर लावून मी उरकलं. सासूबाई म्हणतात, आळस चढलाय. तिकडे घाटात अपघात झाल्याचा फोन आला, की हेच पहिले निघतात. परक्यासाठी हात चालतात, घरच्या शेतात चालत नाहीत. हे मी कुणाला समजावू?

बुवा : तो आळस नव्हे, एवढं मी सासूबाईंना येऊन सांगतो.

ती : मला तेवढं पुरत नाही. दुःख ह्यांचं असेल, पण राहतं ते माझ्या घरात.

बुवा : घरात राहतं म्हणून ते तुमच्या मालकीचं होत नाही.

ती : मालकी नकोय मला. कुठला शब्द टाळायचा, तेवढं तरी कळू दे. परवा पोराचा चेंडू झाडीत गेला. मी म्हणाले, ‘सापडत नसेल तर दे सोडून.’ हे भरल्या ताटावरून उठले.

इथे मला तिची बाजू जड वाटते. गुपित राखणाऱ्याला आपण शब्द पाळल्याचं समाधान तरी मिळतं. घरातल्या माणसाच्या वाट्याला येतं ते उष्टं ताट.

ती : न सापडलेल्यांचंच आहे ना हे? थांबा म्हटल्यावर थांबले, त्याचं?

बुवा : मी हो म्हटलं काय नि नाही म्हटलं काय, सांगितल्यासारखंच होईल.

ती : आणि उद्या जिवाचं काही बरंवाईट करायचं बोलले, तर? तेव्हाही गप्पच?

बुवा : नाही. हे त्याला पहिल्याच दिवशी बजावलंय. तसं काही ऐकलं तर मी आधी तुमच्याकडे येणार आणि त्याला डॉक्टरकडे नेणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं डॉक्टरांवरही गुप्ततेचं बंधन घातलंय, पण जिवाला धोका असेल तिथे सवलत ठेवलीय.

ती : मग हे नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं सांगतील.

बुवा : ती भीती मलाही आहे. पण आधी न बजावता ऐकून घेतलं असतं, तर तो दगा झाला असता. आणि मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. रोज रात्री दोनला उठून बसणाऱ्या माणसाला हरिपाठाच्या जोडीला औषधही लागू शकतं. हेही मी त्याला सांगतो. अजून तो ऐकत नाही.

ती : तोवर मी काय करू?

बुवा : टेली-मानसला फोन करा, १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्याच्यासाठी म्हणत नाही मी. तुमच्यासाठी करा.

ती : मला काय झालंय?

बुवा : त्याच्याबरोबर तुम्हीही जाग्याच असता ना?

ती : (थोड्या वेळाने) फोन केला, तर ह्यांना सांगायचं?

बुवा : तुम्हाला काय वाटतं?

ती : केला, एवढं सांगेन. काय बोलले ते नाही सांगणार. पण बुवा, मी आत्ता तुम्हाला विचारलं, तसं ह्यांनी मला विचारलं तर?