अधिक महिना कोणाचा?

२०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला आली, पुढच्या वर्षी १७ जुलैला. दिंडीत कोणीतरी विचारतेच, "महाराज, एकादशी अशी मागेपुढे का सरकते?" उत्तर हिशेबाचे आहे. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत भरतात, सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच सोडली, तर सोळा वर्षांत आषाढी ऐन थंडीत येईल आणि पेरणी उरकून निघणारा वारकरी रब्बीच्या पिकात अडकेल. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना अधिक धरायचा.

ही अडचण एकट्या आपल्या पूर्वजांची नव्हे. बाबिलोनमध्येही महिने चंद्राचे आणि शेती सूर्याची. तिथला राजा हम्मुराबी याचे एका अधिकाऱ्याला लिहिलेले, मातीच्या पाटीवरचे पत्र सापडले आहे. वर्ष कमी पडते आहे, येणारा महिना 'दुसरा उलूलू' म्हणून नोंदवा, असा त्यात हुकूम आहे. पुढे लगेच बजावले आहे, की त्यानंतरच्या महिन्याच्या २५ तारखेला यायचा कर आता या दुसऱ्या उलूलूच्या २५ तारखेलाच पोचला पाहिजे. महिना वाढला, कराची मुदत नाही! रोममध्ये तर हे काम पुरोहितांच्या हाती होते. मर्जीतल्या अधिकाऱ्याचा कार्यकाळ लांबावा म्हणून ते महिना घालत, नको असेल तर टाळत. गोंधळ इतका साचला, की ज्युलियस सीझरला इ. स. पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले.

तेव्हा माउली, प्रश्न नुसता गणिताचा नाही. हिशेबात वर आलेला वेळ कोणाच्या पदरात टाकायचा?

आपल्याकडे हा मलमास. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. पुराणकथा सांगते, की या महिन्याला कोणी धनीच मिळेना. तो रडत विष्णूकडे गेला आणि देवाने त्याला आपले पुरुषोत्तम हे नाव दिले. प्रपंचाला जो नको होता, तोच देवाने ठेवून घेतला. हे सुचणे मला सगळ्या गणिताहून मोठे वाटते. जावयाच्या वाणासाठी चांदीच्या दुकानांत गर्दी होते, ती आपली करणी. त्यात देवाचा दोष नाही.

२०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. कर्जाचा हप्ता त्या महिन्यातही चुकत नाही, तो इंग्रजी तारखेने येतो. नामस्मरणाला मात्र तीस तिथी जास्तीच्या मिळतात, आणि त्यांवर कोणाची वसुली नाही.