'आपला' संघ, 'आपली' बिअर

न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअर नावाचा भाग आहे. तिथल्या नेवार्क अव्हेन्यूवर भारतीय वाणसामानाची, मिठाईची, दागिन्यांची दुकानं ओळीनं लागतात. आसपासच्या इमारतींमध्ये मराठी घरंही पुष्कळ, बहुतेक आयटीतली. या चौकातून रमतगमत चालत जाता येईल इतक्या अंतरावर सेंट पीटर्स नावाचं एक छोटं जेझुइट विद्यापीठ आहे. 2022 च्या मार्च महिन्यापर्यंत अमेरिकेतल्याच अनेकांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

17 मार्च 2022 ला या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघानं केंटकीला जादा वेळेत 85-79 असं हरवलं. हा विजय केवढा मोठा होता हे कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. अमेरिकेत दर मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिला 'मार्च मॅडनेस' म्हणतात. 68 संघ, तीन आठवडे, आणि एकदा हरलात की घरी. संघांचे चार गट पाडतात आणि प्रत्येक गटात 1 ते 16 असे क्रमांक देतात. केंटकीचा क्रमांक दुसरा होता, सेंट पीटर्सचा पंधरावा. केंटकीच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं. सेंट पीटर्सच्या नावावर या स्पर्धेतला एकही विजय नव्हता. त्यानंतर या पोरांनी मरे स्टेटला हरवलं, पर्ड्यूला हरवलं आणि शेवटच्या आठांत जाऊन बसली. पंधराव्या क्रमांकाचा संघ तिथवर याआधी कधीच पोचला नव्हता. संघाचं टोपणनाव 'पीकॉक्स', म्हणजे मोर. आठवडाभर सगळी जर्सी सिटी मोरांची झाली.

मग नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना 69-49 असं हरवलं. त्यानंतर तीनच दिवसांत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे याच राज्यातल्या सीटन हॉल या मोठ्या संघाकडे गेले. ते त्यांचंच जुनं कॉलेज. पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक महत्त्वाच्या खेळाडूंनीही दुसरी कॉलेजं धरली. गाव अजून जल्लोषातून बाहेर आलं नव्हतं, तोवर मोर उडून गेले होते.

आता दुसरी गोष्ट. शिकागोत 1988 साली जॉन हॉल यांनी गूज आयलंड नावाची ब्रूअरी काढली. तिच्या एका लोकप्रिय बिअरचं नाव 312. हा शिकागोच्या मध्यवस्तीचा टेलिफोन कोड. आपल्याकडे पुण्यातल्या कुणी पेयाला '020' म्हणावं तसं. 2011 मध्ये हॉल यांनी ब्रूअरी अनहॉयझर-बुश या महाकाय कंपनीला 3 कोटी 88 लाख डॉलरना विकली. ही तीच कंपनी, जिची बडवायझर पिणार नाही म्हणून लोक गूज आयलंड पीत होते. मग 312 चं उत्पादन न्यूयॉर्क राज्यातल्या बाल्डविन्सव्हिलला हलवलं गेलं. बाटलीवर शिकागोचा कोड, आणि बिअर शेकडो मैलांवरून आलेली.

दोन्ही वेळा चाहत्यांच्या ओठांवर एकच शब्द आला: गद्दारी.

मला या शब्दाबद्दल बोलायचं आहे. मॅच बघणं आणि गावातल्या छोट्या ब्रूअरीत बसून ग्लासभर बिअर पिणं ही तशी निरुपद्रवी सुखं. पण दोन्हींच्या पोटात एक दावा दडलेला असतो: हे 'आपलं' आहे. कुणाला आपलं म्हटलं की त्याच्यावर आपला हक्क किती निर्माण होतो? त्यानं थांबावं अशी अपेक्षा करण्याइतका?

*

आधी खेळाडूंचं बघू. 'पूर्वी पोरं चार वर्षं एका कॉलेजला घट्ट धरून राहायची, आता पैसा आला आणि निष्ठा गेली,' असं जुने प्रेक्षक म्हणतात. पण ती निष्ठा होती की बंदी? जुन्या नियमानुसार बास्केटबॉलपटूनं कॉलेज बदललं तर त्याला वर्षभर बाहेर बसावं लागे. प्रशिक्षकाला मात्र असलं काही बंधन नव्हतं. तो आज इथला करार सोडून उद्या तिथे लाखो डॉलरवर रुजू होऊ शकत होता. खेळाडूंसाठीचा हा नियम 2021 मध्ये सैल झाला आणि 2024 मध्ये जवळपास गेलाच. दाराला बाहेरून कडी घालायची आणि आतल्या माणसाच्या घरावरच्या प्रेमाचं कौतुक करायचं, असा तो प्रकार होता.

पैशाचंही तेच. ही स्पर्धा भरवणारी एनसीएए संस्था दशकानुदशकं सांगत आली की हे विद्यार्थी आहेत, हौशी खेळाडू आहेत, त्यांना मोबदला दिला तर खेळाचं पावित्र्य जाईल. त्याच संस्थेनं 2010 मध्ये पुरुषांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी 14 वर्षांचा 10.8 अब्ज डॉलरचा करार केला. पावित्र्य फक्त खेळणाऱ्यांनी जपायचं होतं. आपल्याकडे याला दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं म्हणतात.

2014 मध्ये कनेटिकटचा शबाझ नेपियर हा त्या स्पर्धेचा तारा होता. त्याचा संघ विजेता ठरला. त्याच सुमारास तो पत्रकारांना म्हणाला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. दुकानांत त्याचा जर्सी क्रमांक विकला जात होता, आणि त्याला कधी कधी रात्रीचं जेवण मिळत नव्हतं. त्यानंतर काही दिवसांतच खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली गेली.

2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात 9-0 असा निकाल दिला. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मोकळीक मिळाली. 2025 मध्ये एका मोठ्या तडजोडीनंतर कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत.

तेव्हा पहिला मुद्दा सरळ आहे. जो सोडून जाऊ शकत नाही, त्याच्या थांबण्याला निष्ठा म्हणता येत नाही. आणि जो जाऊ शकतो, तो गेला तर ती गद्दारी नाही. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी दोन-तीन वर्षांत कंपनी बदलली असेल, तीस टक्के वाढ मिळाली म्हणून. निरोपाचा केक कापताना टीम लीड 'आपण एक कुटुंब आहोत' म्हणाला असेल आणि तुम्हाला आतून हसू आलं असेल. जर्नल स्क्वेअरमधल्या मराठी माणसांचं तर अख्खं आयुष्यच अशा एका निघून येण्यावर उभं आहे. नाशिक, सांगली, नागपूर सोडून आलेल्या माणसानं वीस वर्षांच्या खेळाडूला 'गावाला सोडून गेला' म्हणावं, हे जरा अवघडच.

*

इथे एक जड आक्षेप येतो, आणि तो टाळणं बरोबर नाही. मोकळीक आली, पैसा आला, आणि त्याबरोबर एक गोष्ट गेलीही. छोट्या कॉलेजात चमकलेला मुलगा पुढच्या हंगामात मोठ्या कॉलेजात दिसतो. छोटी कॉलेजं रोपवाटिका होत चालली आहेत: रोप इथे वाढवायचं, फळ तिकडे. 2025 च्या स्पर्धेत शेवटच्या सोळांमध्ये आलेले सगळे संघ बड्या चार कॉन्फरन्समधले होते, आणि शेवटच्या चारांत चारही पहिल्या क्रमांकाचे. एखाद्या वर्षावरून कायमचा निष्कर्ष काढू नये. पण ज्या धक्क्यांसाठी मार्च मॅडनेस बघायचं, ते धक्के दुर्मिळ होण्याची भीती खरी आहे. खेळाडूंना न्याय मिळाला आणि प्रेक्षकाची मजा कमी झाली, असं झालं तर?

माझं उत्तर असं आहे: झाली तर झाली. माझी मजा ही खरी गोष्ट आहे, पण ती दुसऱ्याला बांधून ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. नाटक रंगावं म्हणून नटाला उपाशी ठेवा, असं कुणी उघड म्हणणार नाही. या स्पर्धेतला प्रेक्षक ते न म्हणता वर्षानुवर्षं उपभोगत होता. नुकसान मान्य करावं, त्याचं वाईटही वाटू द्यावं. 'पूर्वीचं ते शुद्ध होतं' हा खोटा हिशेब मात्र मांडू नये.

*

मग गूज आयलंडवरचा रागही चुकीचाच? हॉल यांनी उभं केलेलं त्यांनी विकलं. बिअर पिणाऱ्यांनी काही भागभांडवल घातलं नव्हतं.

इथे मला फरक दिसतो. शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले ते सीटन हॉलचा शर्ट घालून. सेंट पीटर्सचा मोर छातीवर ठेवून ते तिकडे गेले नाहीत. 312 नं मात्र कोड शिकागोचाच ठेवला. जाण्यात गैर काही नाही. गेल्यावरही 'मी इथलाच' अशी पाटी लावून ठेवणं हे गैर. ग्राहक त्या पाटीचेच जास्तीचे पैसे मोजत असतो. म्हणूनच अमेरिकेतल्या छोट्या ब्रूअऱ्यांच्या संघटनेनं 'क्राफ्ट' कुणाला म्हणायचं याची व्याख्या केली आहे: वर्षाला 60 लाख बॅरलपेक्षा कमी उत्पादन, आणि क्राफ्ट नसलेल्या मद्यकंपनीची मालकी 25 टक्क्यांहून कमी. 2017 मध्ये तर स्वतंत्र ब्रूअऱ्यांसाठी उलट्या बाटलीचं एक चिन्हही काढलं. ग्राहकाला आपण कुणाचं पितोय ते कळावं, एवढाच त्यामागचा हेतू.

म्हणजे आपलेपणाच्या नावाखाली आपल्याला मागता येतं ते खरेपण. थांबणं मागता येत नाही. 'जाऊ नकोस' म्हणायचा अधिकार नाही. 'गेला असशील तर तसं सांग' म्हणायचा आहे.

*

आता प्रश्न आपल्याकडे वळवू. आपण कुणाला आपलं म्हणतो, तेव्हा आपण त्याचं काय देणं लागतो?

आपल्याकडे म्हण आहे: असतील शितं तर जमतील भुतं. सेंट पीटर्स जिंकू लागल्यावर अख्खं शहर मोरांचं झालं, हे त्यातलंच. त्यात वाईट काही नाही, जत्रेला सगळ्यांनी यावं. पण कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. जानेवारीत, बर्फ पडत असताना, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर हीच पोरं खेळत असतात. जिंकल्यावर वाटा मागायचा असेल, तर त्या कंटाळवाण्या संध्याकाळींचाही थोडा वाटा उचलायला हवा. महिलांच्या सामन्यांना तर याहून जास्त वाट बघावी लागली. 2021 च्या स्पर्धेत पुरुषांना सुसज्ज व्यायामशाळा आणि महिलांना डंबेलचा एक स्टँड, हे सेडोना प्रिन्स या खेळाडूनं व्हिडिओ टाकून दाखवलं तेव्हा गदारोळ झाला. तोवर 'मार्च मॅडनेस' हे नावसुद्धा महिलांच्या स्पर्धेला वापरत नव्हते. 2024 मध्ये महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. खेळ आधीपासून होताच, बघणारे उशिरा आले.

बिअरचंही असंच. सॅन फ्रान्सिस्कोतली अँकर ही आजच्या क्राफ्ट बिअरची आई मानली जाते. 1965 मध्ये फ्रिट्झ मेटॅग या तरुणानं ती बुडता बुडता विकत घेतली आणि सावरली. 2017 मध्ये ती जपानच्या सापोरोकडे गेली. 2023 च्या जुलैत सापोरोनं ती बंद करत असल्याचं जाहीर केलं, विक्री घटत होती हे त्यातलं एक कारण. बातमी आली आणि शेवटचा ग्लास प्यायला लोकांची रीघ लागली. त्या गर्दीतल्या किती जणांनी आधीच्या वर्षभरात एकदा तरी अँकर मागवली होती, असं विचारावंसं वाटतं. श्रद्धांजलीला आलेली गर्दी वेळेवर आली असती, तर कदाचित श्रद्धांजलीची वेळच आली नसती.

छोट्या ब्रूअरीचं जगणं किती नाजूक असतं हे न्यू जर्सीतच दिसतं. तिथल्या कायद्यानं अनेक वर्षं ब्रूअऱ्यांना एक अजब अट घातली होती: ग्राहकाला टॅपरूममध्ये बिअर द्यायची तर आधी त्याला ब्रूअरी फिरवून दाखवायची. स्वतःचं खाणं विकायलाही मनाई. 2024 च्या सुरुवातीला हे नियम सैल झाले. तोवर नेहमीच्या गिऱ्हाइकानं माल्ट आणि हॉप्स कशात उकळतात, यीस्ट कुठे घालतात हे किती वेळा ऐकलं असेल! तरीही तो पुन्हा येत राहिला. आपलेपणाचा अर्थ मला त्याच्या त्या येण्यात दिसतो.

एक विसंगतीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत 21 वर्षांखाली दारू पिता येत नाही. ज्या मुलाच्या नावानं टॅपरूममध्ये आरोळी उठते, तो बरेचदा एकोणीस वर्षांचा असतो. तिथली बिअर त्याला कायद्यानं मिळणार नाही. आपला आनंद ज्याच्या खांद्यावर आहे, तो आपल्या टेबलावर नाही. त्याच्या पुढच्या आयुष्याशी आपला संबंध येणार नाही, त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आपण जाणार नाही. मग तो चार पैसे जास्त देणाऱ्याकडे निघाला, तर आपण निदान टेबलावर हात आपटू नये.

म्हणून मॅच बघणं सोडावं असं मी म्हणत नाही. मोर पुढच्या वर्षी दुसऱ्या झाडावर नाचणार आहेत हे माहीत असूनही मार्चमधला तो आठवडा खराच होता. 85-79 हा आकडा कुणी परत घेऊ शकत नाही. संघ नव्या पोरांचा असेल, नावं पाठ व्हायला वेळ लागेल, पहिले काही सामने हरतीलही. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी तिकीट स्वस्त असतं, आणि जागा हवी तिथे मिळते.